गोळ्या नेमक्या कुठे चुकतात? घरच्या रुग्णाला औषधं नीट घ्यायला मदत कशी करायची

बीपी, शुगर, थायरॉइड, दमा अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारांत सांगितलेलं औषध सांगितल्याप्रमाणे घेणारे रुग्ण साधारण निम्मेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात हा अंदाज दिला, तोही श्रीमंत देशांसाठी. आपल्यासारख्या देशांत प्रमाण आणखी कमी असल्याचं त्याच अहवालात म्हटलं होतं. तेव्हा तुमच्या घरात कुणाच्या गोळ्या चुकत असतील, तर त्यात जगावेगळं काही नाही.

घरच्यांचे उपाय मात्र ठरलेले असतात. आधी बोलणी, मग मोबाइलवर अलार्म. अलार्मचा उपयोग फक्त विसरणाऱ्याला होतो. ज्यांनी गोळी मनानेच बंद केली आहे, ते अलार्म बंद करून पुन्हा मालिका बघत बसतात. ज्यांना स्ट्रिपवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत किंवा संधिवातामुळे गोळी फॉइलमधून बाहेरच काढता येत नाही, त्यांना तर अलार्मचा जाचच. म्हणून आधी एवढंच शोधायचं: विसरतात, टाळतात की जमत नाही? एकाच माणसाच्या बाबतीत तिन्ही असू शकतं. सकाळची गोळी नियमित, रात्रीची विसरलेली आणि तिसरी ठरवून सोडलेली, असं सर्रास दिसतं.

हे शोधायचं कसं? “गोळ्या घेता ना?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “घेतो की!” त्याऐवजी राहिल्याच असतील असं धरून विचारा: “बाबा, गेल्या आठवड्यात रात्रीची गोळी किती वेळा राहिली?” चुकणं साहजिक आहे असा सूर लागला की माणूस मोकळेपणाने सांगतो. दुसरा प्रश्न याहून उपयोगी: “आई, यातली कुठली गोळी तुला नकोशी वाटते?” बहुतेकांकडे याचं उत्तर तयार असतं, आजवर कुणी विचारलेलं नसतं इतकंच.

जोडीला गोळ्या मोजा, पण चोरून नाही, त्यांच्यासमोर बसून. समजा बीपीची रोज एक गोळी आहे आणि १ तारखेपासून ३० गोळ्या सुरू केल्या. २१ तारखेची गोळी घेतल्यावर ९ उरायला हव्यात. १६ उरल्या असतील तर सात दिवस राहून गेलेत. ४ च उरल्या असतील तर पाच जास्त गेल्यात. ‘घेतली की नाही’ हे आठवेना म्हणून पुन्हा घेतलेली, असा त्याचा बहुधा अर्थ. हे दुसरं गणित घरच्यांच्या क्वचितच लक्षात येतं. खरं तर रक्त पातळ करणाऱ्या किंवा शुगरच्या गोळीच्या बाबतीत ते जास्त घातक.

मोजायला बसलात की आणखी एक गोष्ट दिसेल. कुठली स्ट्रिप १० ची, कुठली १४ ची, कुठली १५ ची. म्हणजे ‘महिन्याचं औषध’ आणलं तरी एक गोळी २८ दिवसांनी संपते, दुसरी ३० ने, मधेच सुरू झालेली तिसरी भलत्याच तारखेला. मग ‘सगळ्या संपल्या की एकदमच आणू’ असं म्हणत एखादी गोळी चार-चार दिवस घरात नसते. उपाय सोपा आहे. एकदाच हिशोब करून प्रत्येक औषधाच्या कमी पडणाऱ्या गोळ्या सुट्ट्या आणायच्या आणि सगळं एका तारखेवर आणायचं. शिवाय आठ दिवसांचा साठा नेहमी जादा ठेवायचा. मेडिकलवाला स्ट्रिप कापून देतो तेव्हा मुदतीची तारीख असलेलं टोक बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतं, म्हणून कापण्याआधी अख्ख्या स्ट्रिपचा फोटो काढून घ्या.

आता टाळण्याकडे वळू. खरी गुंतागुंत इथे आहे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण: “बीपी नॉर्मल आला, मग गोळी कशाला?” बीपी नॉर्मल आला तो गोळीमुळेच, हे सांगून पटतंच असं नाही. कारण गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. काही गोळ्यांचा परिणाम ओसरायला कित्येक दिवस लागतात, आणि बीपी वाढला तरी बहुतेकांना डोकंदेखील दुखत नाही. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा घरी दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन आणा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजा आणि आकडे वहीत लिहा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आकडा डॉक्टरांच्या उपदेशापेक्षा जास्त पटतो.

दुसरं कारण म्हणजे त्रास, आणि तो बहुतेक वेळा खरा असतो. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा ठसका लागतो. रुग्ण महिनाभर खोकल्याची बाटली पितो आणि शेवटी बीपीची गोळी सोडतो. खरं तर डॉक्टरांना सांगितलं तर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी दुसरी गोळी देता येते. अम्लोडिपिन या बीपीच्याच गोळीने काहींचे घोटे सुजतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठावं लागतं, ती सकाळी घ्यायची असते. शुगरच्या मेटफॉर्मिनने सुरुवातीला काहींचं पोट बिघडतं. गोळी जेवणाबरोबर घेतली, डोस हळूहळू वाढवला किंवा हळू विरघळणारी एसआर गोळी घेतली, तर बहुतेकांचा त्रास कमी होतो. याच एसआर गोळीचं रिकामं कवच कधी कधी शौचातून जसंच्या तसं पडतं आणि ‘गोळी लागूच पडत नाही’ असा समज होतो. औषध आतून केव्हाच निघून गेलेलं असतं. टीबीच्या रिफाम्पिसिनने लघवी तांबूस-केशरी होते, तिलाही लोक रक्त समजून घाबरतात. टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि पहिल्या एक-दोन महिन्यांतच ताप-खोकला थांबतो. औषध सुटतं ते नेमकं तेव्हा. उरलेले जंतू मग औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. अशा गोष्टी पहिल्या दिवशीच सांगून ठेवल्या तर पुढचा गोंधळ टळतो.

‘इतक्या गोळ्यांनी किडनी जाते’ ही भीती घरोघरी आहे. किडनीचं नुकसान मुख्यतः ताब्यात नसलेल्या शुगर आणि बीपीमुळे होतं. औषधाचा डोस किडनीच्या ताकदीनुसार कमी-जास्त करावा लागतो हे खरं, आणि त्यासाठीच क्रिएटिनिनची तपासणी असते. गंमत अशी की बीपीची गोळी किडनीच्या भीतीने टाळणारा माणूस गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक आणून बिनदिक्कत खातो. किडनीला अपाय करणाऱ्या आणि बीपी वाढवणाऱ्या गोळ्या याच.

पैशाचं कारण कुणी तोंडाने सांगत नाही. ‘एक दिवसाआड घेतली तरी चालते’ असं कुणी म्हणू लागलं की आधी तिकडे बघा. डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं तर दोन गोळ्यांची मिळून एक गोळी, जनऔषधी केंद्रातली जेनेरिक गोळी किंवा कमी किमतीचा पर्याय सुचवता येतो. सरकारी आरोग्य केंद्रांत बीपी-शुगरची मूलभूत औषधं मोफत मिळतात. गावात आशाताईंना विचारलं तर कुठल्या दिवशी जायचं तेही कळेल.

काही औषधं मात्र कितीही त्रास झाला तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करायची नाहीत. फिटच्या गोळ्या एक-दोन दिवस चुकल्या तरी झटका येऊ शकतो. काही आठवडे चाललेलं स्टिरॉइड एकदम सोडलं तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड लगेच बनवू शकत नाही. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या बीपी-हृदयाच्या गोळ्या; त्यांपैकी काही अचानक थांबवलं तर धडधड वाढते, छातीत दुखू शकतं. आणि स्टेंट टाकल्यानंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: दात काढायचा आहे म्हणून लोक या मनाने बंद करतात आणि स्टेंटमध्येच गुठळी होते. दाताच्या डॉक्टरांना स्टेंटचं सांगायचं आणि गोळीचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांवर सोडायचा.

आता ‘जमत नाही’ हा प्रकार. यातला मोठा भाग चिठ्ठी न कळण्याचा असतो. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एसओएसची वेदनाशामक गोळी रोज तीन वेळा घेणारे कमी नाहीत. अशीच, पण याहून घातक चूक मेथोट्रेक्सेटची. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. त्याच्या पाकिटावर ‘फक्त रविवारी’ असं जाड पेनाने लिहून टाका. वार डॉक्टरांनी सांगितलेला लिहायचा, हे ओघानेच आलं.

ब्रँडची नावं हा दुसरा सापळा. क्रोसिन, कॅल्पॉल आणि डोलो या तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ते असतं. शहरातल्या डॉक्टरांनी एका नावाची बीपीची गोळी दिली, गावच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाची, आणि दोन्हींत टेल्मिसार्टनच, असं होतं. हॉस्पिटलमधून घरी सोडतात तेव्हा तर हमखास, कारण जुन्या गोळ्या घरात असतात आणि नव्या चिठ्ठीवर वेगळं नाव असतं. घरी आल्या आल्या सगळ्या स्ट्रिप टेबलावर पसरून ब्रँडखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव जुळवून पाहायचं. मूळ नाव एकच निघालं तर दोन्ही घेण्याआधी विचारायचं. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड असणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला तर मूळ नाव आणि मुदत मोबाइलवर मोठ्या अक्षरात वाचता येते.

समजलं की नाही हे तपासायचं तर “कळलं ना?” विचारून उपयोग नाही. “उद्यापासून कशा घेणार, मला सांगा बरं” असं म्हणून त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. अडखळतील तिथे चूक होणार.

वेळांचा मेळ कसा बसवायचा ते एका उदाहरणावर पाहू. एका आजींना थायरॉइड, शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आहेत, शिवाय कॅल्शियम. घड्याळाच्या आकड्यांपेक्षा त्यांच्या दिवसातल्या न चुकणाऱ्या गोष्टी धरायच्या. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या, अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी नाही. चहाशिवाय डोळेच उघडत नसतील, तर गोळी उशाशी ठेवून पहाटे बाथरूमला उठतात तेव्हाच घ्यायची. शुगरची ग्लिमेपिराइड नाश्त्याच्या अगदी आधी किंवा नाश्त्याबरोबर, मेटफॉर्मिन नाश्त्याबरोबर, बीपीची गोळी त्याच वेळी. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडची गोळी शोषू देत नाहीत, म्हणून मध्ये किमान चार तास हवेत. या दोघांनाही एकमेकांपासून लांबच ठेवायचं. रात्री जेवताना मेटफॉर्मिन, आणि त्याच वेळी कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन. ती दिवसात कधीही चालते, रात्री लक्षात राहते म्हणून रात्री. सहा औषधं आणि चार वेळा, त्याही उठणं, नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांना बांधलेल्या. हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून फ्रिजवर लावायचं. गोळीचा रंग मात्र लिहू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो.

सात दिवसांचा कप्प्यांचा डबा चांगला. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतो. दिवसाला चार कप्पे असलेला घ्या. शनिवारी संध्याकाळी, चिठ्ठी समोर ठेवून, एका वेळी एकच औषध काढून सातही दिवसांत टाकायचं, मगच दुसरं. भरून झालं की प्रत्येक कप्प्यातल्या गोळ्या मोजून चिठ्ठीशी ताडायच्या. ‘घेतली की नाही’ या प्रश्नाचं उत्तर मग कप्पाच देतो. सगळी औषधं मात्र डब्यात टाकायची नाहीत. फिटचं सोडियम व्हॅल्प्रोएट ओल खातं, थायरॉइडची गोळी ओलाव्याने आणि उजेडाने खराब होते, रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूल मूळ पाकिटातच राहायला हवी. ही तिन्ही ऐन वेळी काढायची. स्ट्रिप कापून कप्प्यात ठेवणं हा चांगला मधला मार्ग वाटतो, पण फॉइलसकट गोळी गिळल्याच्या घटना आहेत. नजर अधू असेल तर ते नकोच. कोकणात पावसाळ्यात डबा स्वयंपाकघराच्या ओट्यापासून लांबच बरा.

गिळताना त्रास होतो म्हणून गोळी कुटून देण्याआधी नाव बघा. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एमआर यांपैकी काही असेल तर कुटायची नाही. दिवसभरासाठीचं औषध एकदम पोटात जातं. पँटोप्राझोलसारख्या आवरण असलेल्या गोळीचं आवरण तुटलं तर ती पोटातल्या आम्लातच वाया जाते. पातळ औषध किंवा दुसरा प्रकार मिळतो का ते विचारा.

गोळी नसलेल्या औषधांत चूक करण्याच्या पद्धतीत असते. दम्याच्या रोटाकॅप काहीजण चक्क पाण्याबरोबर गिळतात. ती कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते. पंप वापरताना आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरायचं, हळू श्वास घेता घेता दाबायचा आणि दहा आकडे श्वास रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा. वयस्कांना आणि मुलांना तो लागतोच म्हणा ना.

इन्सुलिनमधली घातक चूक सिरिंजची. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट असलेल्या असतात, त्यांना लाल टोपणाची ४० ची सिरिंज. पेनचं कार्ट्रिज १०० युनिटचं. ४० च्या बाटलीतून १०० च्या, केशरी टोपणाच्या सिरिंजने २० खुणा ओढल्या तर पोटात फक्त ८ युनिट जातात. उलट, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० खुणांपर्यंत घेतलं तर ५० युनिट जातात, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, फ्रीजरजवळ नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरायची, वर तारीख लिहून. सुई रोज त्याच जागी टोचली तर तिथे चरबीची गाठ होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

काचबिंदूच्या थेंबांची बाटली उघडल्यावर बहुधा चार आठवडेच चालते. एकच थेंब घाला, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटांनी, नाहीतर पहिला वाहून जातो.

उपवासाचं आधी ठरवून ठेवा. एकादशीला काही न खाता ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेतलं तर शुगर उतरते: घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन केलेल्या उपवासात मात्र शुगर उतरण्यापेक्षा चढण्याचीच शक्यता जास्त. दोन्ही उपवासांची औषधं एकसारखी असूच शकत नाहीत. तेव्हा डॉक्टरांना ‘उपवास आहे’ एवढंच न सांगता काय खाणार तेही सांगा.

आणि राहिलीच गोळी तर? दिवसातून एकदाची असेल आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही. इन्सुलिन, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम, फिटच्या आणि कॅन्सरच्या औषधांना हा सरधोपट नियम लावू नका. ‘राहिली तर काय करू?’ हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं, काढे-चूर्णांसकट, एका पिशवीत घालून न्या आणि किती गोळ्या राहिल्या ते खरं सांगा. हे लपवलं तर पुढे काय होतं ते बघा. बीपी चढलेला दिसतो, डॉक्टरांना वाटतं गोळी पुरत नाही, ते डोस वाढवतात किंवा दुसरी गोळी जोडतात. असं दोन-तीनदा झालं की चिठ्ठीवर तीन गोळ्या असतात आणि पोटात एक. मग मुलगी महिनाभर राहायला येते, डबा भरते आणि सगळ्या गोळ्या चोख देऊ लागते. आजवर कधीच एकत्र न गेलेल्या तिन्ही गोळ्या एकदम जातात, आणि बाबा पलंगावरून उठताना चक्कर येऊन पडतात. म्हणून नियमित देणं सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा की आतापर्यंत गोळ्या निम्म्याच जात होत्या. पहिले दोन आठवडे बीपी रोज बसून आणि उभं राहून मोजा. शुगरच्या गोळ्या असतील तर सकाळी अनशापोटी आणि रात्री जेवणाआधीही शुगर बघा. वरचा बीपी १०० च्या खाली किंवा शुगर ७० च्या खाली गेली तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.